नळापर्यंतचा पुकारा

अकराव्या नावापर्यंत सगळं ठाकठीक चाललं होतं. बारावं नाव आलं आणि व्यंकटी सोनकांबळेचा आवाज बसला. खोकला आला नाही, ठसका लागला नाही. अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा आवाज खाली गेला. 'शेख हसीना भ्रतार शेख जिलानी' हे नाव त्यानं घेतलं खरं, पण ते हातातल्या हजेरीच्या वहीपलीकडं गेलं नाही. मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "माझं नाव घेतलं का वो भाई? ऐकू न्हाई आलं." हॉलमध्ये हशा पिकला. एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले साहेबराव हळदे, ज्यांना अजूनही जग म्हणजे गच्च भरलेली गाडी वाटायची, ते ओरडले, "पुकाऱ्याचाच घसा गेला! पुढं सरका, पुढं सरका!" व्यंकटीही हसला. हसायलाच पाहिजे होतं. मग त्यानं तेरावं नाव घेतलं, आणि तो आवाज थेट खिडकीच्या काचा हलवून गेला. म्हणजे घशाला काही झालं नव्हतं. घसा ठणठणीत होता. एवढ्या एका नावापुरताच तो गेला होता, आणि का गेला हे त्या हॉलमधल्या एकवीस माणसांत फक्त व्यंकटीला कळलं होतं. त्याच्या पाठीवर घामाची एक ओळ उतरली. संक्रांत नुकतीच झालेली, हॉलच्या फरशीवरून पायांना गारठा लागत होता, आणि याला घाम.

नांदेडात रेल्वे लाइनीपलीकडं ते जुनं दगडी चर्च आहे. रविवारी तिथं उपासना, आणि मंगळवारी-शुक्रवारी दहा ते बारा शेजारच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांची शाळा. हॉल पाळकसाहेबांनी दिला आणि शिस्त रत्नम्मा सिस्टरनं. रत्नम्मा देगलूरकडची, सरकारी दवाखान्यात हेडनर्स म्हणून तीस वर्षं वॉर्ड हाकलेली बाई. रिटायर झाली तरी तिची नजर माणसाच्या जिभेवर आणि नखांवरच आधी जायची. तिनं नियम केला होता, की इथं शिकवायला बाहेरून कुणी येणार नाही. दोघादोघांची जोडी, आणि ज्याला जे येतं ते त्यानं दुसऱ्याला शिकवायचं. त्यामुळं एका कोपऱ्यात रिटायर्ड तहसीलदार एका माळकऱ्याकडून पेटी शिकायचे, तर दुसऱ्या कोपऱ्यात साहेबराव मोबाइलवर तिकीट कसं काढतात ते शिकताना, उभ्या आयुष्यात आपण फाडलेल्या तिकिटांची आठवण काढून हळहळायचे. व्यंकटीला इथं पाठवलं त्याच्या बायकोनं. पंचशीला म्हणाली, "अवो, जावा की तिकडं. दिसभर घरात बसून माझ्यावरच पुकारा करून राहिलात. तुमी 'च्या' म्हणलं की गल्लीत चार घरी आधण ठेवतात." ते खोटं नव्हतं. चौतीस वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून तीन-तीनदा नावं पुकारलेल्या माणसाला साधं बोलणं राहतच नाही. त्याला वाटायचं आपण कुजबुजतोय, आणि समोरचा दचकायचा. आज तर सिस्टरची दाढ ठणकत होती म्हणून तिनं वही त्याच्या हातात दिली. "सोनकांबळे, तुमचंच काम आहे हे. घ्या." नावं ज्यानं जो जुना कागद आणला त्यावरून उतरवलेली. नवी आलेली बाई शेवटी लिहायची सोडून सिस्टरनं मध्येच, बाराव्या ओळीत कोंबली होती, आणि व्यंकटी सवयीनं पुढचं न बघता वाचत गेला होता.

घरी जाताना तो रिक्षात बसला नाही. चालला. चालताना त्याला त्या नावाचा 'भ्रतार' आठवत होता. हा शब्द आता कोण वापरतं? जुन्या कागदांत आणि कोर्टात. बायकोच्या नावापुढं 'भ्र.' आणि मग नवऱ्याचं नाव. पुकारताना ते 'भ्र.' पूर्ण करून म्हणायचं, असं त्याला पहिल्या दिवशी जुन्या शिपायानं शिकवलं होतं. "नाव अर्धं घ्यायचं न्हाई, व्यंकट्या. मानूस कुठं बी आसू दे, हाटेलात, झाडाखाली, मुतारीत. त्येचं पुरं नाव त्येच्या कानावर पडलं पायजे. तीनदा. कोर्टाची समदी इमारत या तीन हाकांवर उभी हाय." तेव्हा त्याला हसू आलं होतं. नंतर मात्र त्याची छाती त्या कामानं भरून यायची, हे खरं. आवाज घरातूनच आलेला. त्याचा बाप भिवाजी हदगावकडच्या एका खेड्यात दवंडी द्यायचा. हलगी वाजवायची आणि पाटलाचा निरोप गावभर ओरडायचा, हे महाराच्या वाट्याचं काम. छप्पन साली वारं आलं, महारवाड्यानं दीक्षा घेतली, आणि भिवाजीनं हलगी खुंटीला न टांगता सरळ चुलीत घातली. पाटलानं माणूस पाठवला तर म्हणाला, "माझा घसा आता माझा हाय. तुमचं तुमी ओरडा." त्या एका वाक्यापायी सालभर गावात कुणी रोजगार दिला नाही. व्यंकटी नंतर जन्मला. (धर्म बदलला होता, पण आजी बदलली नव्हती, नवस बोललेली होती, म्हणून नाव व्यंकटीच.) आणि पोरगा कोर्टात पुकाऱ्याचा शिपाई झाला तेव्हा लोक बापाला चिडवायला लागले, की भिवा, फिरून तुझ्या घरात दवंडीच आली. बाप म्हणाला, "ती पाटलाची व्हती. ही कायद्याची. पाटलाला बी बोलवायचं झालं तर ह्यो नुसतं नावानं बोलावील, जी-हुजूर न्हाई म्हननार." हे बोलताना बापाच्या डोळ्यांत जे होतं, ते व्यंकटीला आज चालताना नको होतं. पण आठवणीला आवर कोण घालणार.

बावीस वर्षं झाली. तेव्हा तो एका तालुक्याच्या कोर्टात होता. नाव कशाला घ्या, तालुके सगळे सारखेच. थंडीचेच दिवस. कोर्ट उघडायच्या आधी तो टपरीवर उभा होता, आणि एक वकीलसाहेब बाकावर सरकले आणि त्याला जागा करून दिली. बसा म्हणाले. व्यंकटी बसला, अर्ध्या ढुंगणावर. मग साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "व्यंकटराव, आज घसा बसलाय वाटतं तुमचा. जपा. थंडी लई पडलीय." बस्स. एवढंच. घसा बसलेला नव्हता. पण तिथं पंधरा वर्षं 'ए व्यंकट्या', 'ए शिपाई', नुसतंच 'एऽ' ऐकलेल्या माणसाला त्या एका 'राव'नं जे झालं, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. कानात काहीतरी गरम ओतल्यासारखं. हातात पैसा पडला असता तर त्यानं तो फेकला असता, अशी त्याची स्वतःविषयी खात्री होती, आणि ती बहुतेक खरीही होती. पण मान मिळाला तर तो कुठं फेकायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हे वकील जिलानीचे, आणि पहिलं प्रकरण जिलानीच्या बायकोचा पोटगीचा अर्ज, हे त्याला पाठ होतं. न समजायला तो काय दूधपिता होता?

तो व्हरांड्यात आला. ती बाई बाभळीखालच्या नळावर होती. त्याला दिसत होती. हे महत्त्वाचं. पुढं पुष्कळ वर्षं त्यानं स्वतःला सांगितलं की ती दिसत नव्हती, गर्दी होती, खांब आड येत होता. पण ती दिसत होती. काळा बुरखा, वर केलेला नकाब, एका हातानं नळ धरलेला आणि दुसरा हात सहा-सात वर्षांच्या पोराच्या मानेमागं. पोर ओंजळीनं पाणी पीत होतं, घटाघटा, खूप वेळ तहान लागलेलं असावं तसं. तिचा वकील आलेला नव्हता. व्यंकटीनं नाव पुकारलं. तीनदा. नियम मोडला नाही, भ्रतारसुद्धा गाळला नाही. पण आवाज पहिल्या खांबाला टेकून परत आला. मग आत जाऊन तो म्हणाला, "गैरहजर, साहेब." पोराचं पाणी पिऊन व्हायच्या आत ते प्रकरण निकाली निघालं. बाई ओले हात पुसत पायऱ्या चढून आली तेव्हा हा दारात उभा होता. "झाला पुकारा, बाई," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, पोराकडं पाहिलं. पुढच्या आठवड्यात तेच वकील जिन्यात भेटले. म्हणाले, "ए व्यंकट्या, ही फाइल धर."

पुढच्या शुक्रवारी तो शाळेत जायचाच नव्हता. गेला, कारण पंचशीलेनं डबा भरून हातात दिला आणि दार लावून घेतलं. आणि रत्नम्मा सिस्टरनं, जिला कुणाच्या पापपुण्याची कल्पना असायचं कारण नव्हतं, नवी जोडी लावली. "सोनकांबळे, ह्यांना मराठी वाचायला शिकवा. आणि हसीनाबी, तुम्ही ह्यांना सुईदोरा. बटण तुटलं की बायकोला हाक मारतात. सगळ्या गल्लीला कळतं." हसीना त्याच्या शेजारी येऊन बसली. साठीची, जाड भिंगाचा चष्मा, उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा. देगलूर नाक्याच्या बाजूला तिनं वीस वर्षं ब्लाउज शिवले होते. "डोळ्यांनी मला रिटायर केलं, भाई," ती म्हणाली. "मराठी बोलती मी फटाफट. उर्दू वाचती, कुराणशरीफ वाचती. पन ह्या मराठीला वरून ती आडवी रेघ हाय ना, तिच्यावर समदे अक्षरं दोरीवर कपडे लटकवल्यावानी. वळखू येत न्हाई कुनाचा सदरा, कुनाचा परकर." तिनं त्याला ओळखलं नव्हतं. कोर्टात येणारा माणूस पुकाऱ्याच्या शिपायाचं तोंड कुठं बघतो, तो त्याचा आवाज ऐकतो. आणि पुकारा तर तिनं ऐकलेलाच नव्हता. व्यंकटीनं पाटीवर 'क' काढला. वरची रेघ वाकडी आली, ती पुसून पुन्हा मारली. "येवढं शिकून काय वाचनार तुमी?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "एक कागद हाय. कोर्टाचा. बावीस साल झाले, पेटीत हाय. पुन्यांदा अर्ज करता आला आसता म्हणतेत, पन भावानं हात वर केले. नक्कल तेवढी आणून टाकली माझ्या अंगावर. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची न्हाई मला. म्या सोता वाचनार."

शिकवणं थांबवता आलं असतं. उगीच तिला ढ म्हणता आलं असतं, मागं-पुढं करता आलं असतं, ज्ञ आणि क्ष यांच्यातच वर्ष घालवता आलं असतं. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला काम लांबवायला शिकवावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात त्यानं तसं केलंही. पण हसीना हुशार निघाली. कापडाचा कट एकदा बघून ध्यानात ठेवणारी बाई, तिनं दीड महिन्यात बाराखडी संपवली. ती रस्त्यानं येताना दुकानांच्या पाट्या वाचत यायची आणि आल्या आल्या सांगायची, "भाई, त्या कोपऱ्यावरचा 'गरम मसाला' न्हाई लिहीत, 'गरमा मसाला' लिहितो. सांगू का त्येला जाऊन?" व्यंकटीला हसू यायचं आणि मग तो पाटी पुसून पुढचं अक्षर काढायचा. 'पु' आला. 'का' तर आधीच आला होता. 'रा' आला. एक एक अक्षर तो स्वतःच्या हातानं तिच्या पाटीवर काढत होता, आणि त्याला दिसत होतं की आपण हिला पायरी पायरीनं कुठं नेतोय. तिकडं त्यालाही बटण लावायला यायला लागलं. आधी सुई बोटात घुसायची. ती म्हणायची, "दोरा वढताना दम खा. ताण आला की कापड गोळा व्हतं, मग वरून किती बी इस्त्री कर." तो दम खायचा. त्यानं घरी जाऊन स्वतःच्या तीन सदऱ्यांची बटणं लावली. पंचशीलेनं ती ओढून बघितली आणि सदरे घडी घालून ठेवले, म्हणजे पास.

मग एका मंगळवारी सुई ओवता ओवता तिनं सांगितलं. व्यंकटीनं विचारलं नव्हतं. विचारायची त्याची छाती नव्हती. "तुमी बी कोर्टात व्हता म्हणे. मंग तुमाला कळंल. त्या कागदात वकत लिहिलेला आसतो का वो? पुकारा किती वाजता झाला त्यो?" तो म्हणाला, "कशापायी?" ती दोरा दातानं तोडून म्हणाली, "त्या दिशी म्या यासेरला घिऊन सकाळधरनं उभी व्हती. दम काढ म्हणलं तर त्यो रडायला लागला, पानी, पानी. नळावर नेलं. आले तवर झाला पुकारा. एका घोटापायी गेलं समदं. आन म्या काय केलं माहीत हाय? घरी येताना बसश्टॅंडवर त्या लेकराला मारलं. असं मारलं भाई, की लोकं सोडवायला आली. 'तुला आताच तहान लागायची व्हती का' म्हणून. येवढंसं व्हतं ते." तिनं हातानं उंची दाखवली, बाकाएवढी. "आता हैदराबादला हाय, मोबाइलचं दुकान हाय त्येचं. चांगला हाय. पन बाहीर गेला की पानी पीत न्हाई. दिसभर न्हाई पिनार, घरी यिऊन पिनार. बायको मला विचारती, आसं का? म्या काय सांगू? म्हणून मला त्यो वकत बघायचाय. कधीकधी मला वाटतं, म्या आईकलंच आसतं. नळ काय लांब न्हवता. माझे कान तवा लई तेज व्हते." व्यंकटीच्या हातातली सुई खाली पडली. ती शोधण्याच्या निमित्तानं तो बाकाखाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. त्याला माहीत होतं त्या कागदात काय असतं. रोजनाम्याची ती ओळ त्यानं हजारदा ऐकली होती: पुकारा केला असता अर्जदार गैरहजर. वेळ नसते. आवाज किती होता हे नसतं. तो कागद त्याला धुतल्या तांदळासारखा मोकळा सोडत होता. ती वाचेल, 'पुकारा केला' वाचेल, आणि बावीस वर्षांनी, स्वतःच्या डोळ्यांनी, त्यानंच शिकवलेल्या अक्षरांतून तिची खात्री पटेल की चूक तिची होती आणि त्या पोराच्या तहानेची होती.

दुसऱ्या दिवशी तो लातूरला लेकीकडं निघून गेला. मनिषाला म्हणाला, महिनाभर राहतो. ती खूश झाली. बापाला तिनं खिडकीजवळची खाट दिली. पण व्यंकटीला तिथं बसवेना, उठवेना. भाजीवाल्याशी दोन शब्द बोलला तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. मनिषा हसून म्हणाली, "बाबा, जरा हळू. तुम्हाला जन्मात कधी हळू बोलताच आलं नाही." तो म्हणाला, "आलं व्हतं. एकदा." तिला वाटलं बाबा गंमत करतायत. तो खाटेवर आडवा झाला आणि त्याला बाप आठवला, हलगी चुलीत घालणारा. त्याला प्रथमच वाटलं, की बाप शूर होता वगैरे ठीक आहे, पण त्या दिवशी बापालाही भीती वाटली असेलच की. पाटलाचा माणूस दारात उभा, घरात दाणा नाही, बाहेर रोजगार मिळणार नाही हे माहीत. आणि तरी त्यानं ते वाक्य म्हटलं. म्हणजे वाक्य म्हणायला भीती जावी लागत नाही. भीती असतानाच ते म्हणायचं असतं. हा शोध काही फार मोठा नव्हता, पोरांच्या पुस्तकातसुद्धा असतो, पण व्यंकटीला तो सहासष्टाव्या वर्षी लातूरच्या खाटेवर लागला आणि तो उठून बसला. काय जाईल? शाळा जाईल. रत्नम्मा सिस्टर बघणार नाही तोंडाकडं. साहेबराव थट्टा करायचे थांबतील, ते जास्त वाईट. पंचशीलेला सांगावं लागेल, आणि तिच्या डोळ्यांतून तो उतरेल. जाऊ दे. गुरुवारी सकाळच्या गाडीनं तो परत फिरला. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि त्यानं खिडकीच्या दांडीवर बोटं घट्ट धरून ठेवली होती, जणू गाडी तोच ओढत होता.

घरी पंचशीलेला त्यानं जेवायच्या आधीच सांगितलं. सगळं, 'राव'सकट. तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवली, ती करपली. मग म्हणाली, "मला सांगून काय फायदा? मी का नळावर व्हते?" एवढंच. पण शुक्रवारी सकाळी तिनं त्याचा पांढरा सदरा काढून ठेवला होता.

तो साडेनऊलाच पोचला. हॉलमध्ये रत्नम्मा सिस्टर खुर्च्या लावत होती आणि हसीना आधीच येऊन बसली होती, समोर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला पिवळा कागद. "आज वाचती भाई," ती म्हणाली, "बिस्मिल्ला म्हणून." तिनं पिशवीत हात घातला आणि व्यंकटीनं आपला पंजा त्या कागदावर ठेवला. "थांबा आपा. वाचायच्या आधी म्या सांगतो. त्यात 'पुकारा केला' आसं लिहिलेलं आसंल. त्यो पुकारा म्या केला व्हता. त्या कोर्टात तवा मीच शिपाई व्हतो." तो थांबला नाही, कारण थांबलो तर पुन्हा निघणार नाही हे त्याला माहीत होतं. "तुमी नळावर व्हता. पोराला पानी पाजत व्हता. मला दिसत व्हतं. आन म्या मुद्दाम हळू पुकारलं. तुमच्या नवऱ्याच्या वकिलानं मला राव म्हणलं व्हतं, म्हणून. चूक तुमची न्हाई. पोराची बी न्हाई. माझी हाय."

रत्नम्मा सिस्टरच्या हातात खुर्ची होती, ती तिनं खाली ठेवली नाही. हसीनाचा डावा अंगठा उजव्या अंगठ्यावरच्या घट्ट्यावरून फिरत राहिला. मग ती म्हणाली, "किती हळू?" व्यंकटीला कळलं नाही. "किती हळू केला? ऊठ. दारात उभा ऱ्हा." आवारात फाटकाजवळ नळ होता. ती तिथपर्यंत चालत गेली, नळ सोडला, वाकली, आणि पाण्याखाली ओंजळ धरली. तिथून ओरडली, "कर. तसाच कर." व्यंकटीनं दारात उभं राहून, बावीस वर्षांपूर्वी केलं होतं तसंच, ते नाव तीनदा घेतलं. त्याला स्वतःलाच शिसारी आली. बाई वाकलेलीच राहिली, पाणी बोटांतून सांडत राहिलं. जरा वेळानं तिनं विचारलं, "केला का?" तो म्हणाला, "केला." "तिनी डाव?" "तिनी डाव." ती म्हणाली, "आता कोर्टाचा कर." त्यानं छाती भरून घेतली. 'शेख हसीना भ्रतार शेख जिलानी, हाजिर हैंऽऽ!' फाटकातून आत येणारे साहेबराव जागच्या जागी थांबले. आणि नळावरची बाई 'शेख' या शब्दालाच ताठ उभी राहिली होती. बाकीचं नाव तिनं ऐकलं ते त्याच्याकडं बघत.

ती परत आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि डोळे चष्म्याआड मोठे दिसत होते. "आईकलं म्या," ती म्हणाली. "पैल्याच शब्दाला. आईकलंच आसतं म्या." व्यंकटी म्हणाला, "आपा, मला..." तिनं हात वर केला. "माफी नगो मागू. आज न्हाई ती माझ्याकडं. उद्याचं म्हाईत न्हाई." मग तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि ओल्या बोटांनी नंबर लावला. तोवर माणसं येऊन बाकांवर बसायला लागली होती, तहसीलदार, पेटीवाले माळकरी, सगळेच. घंटी वाजत होती. पलीकडं उचलल्याचा आवाज आला. ती फक्त "यासेर, हे आईक" म्हणाली आणि फोन व्यंकटीच्या हातात दिला. "त्येला सांग."

फोन कानाला गार लागला. व्यंकटी म्हणाला, "हॅलो, यासेरभाई? मी व्यंकटी भिवाजी सोनकांबळे बोलतोय. कोर्टाचा शिपाई." हॉलमधल्या सगळ्या माना वळल्या. साहेबरावांनी हातानं खूण केली, हळू, हळू. त्यानं ती बघितली आणि आवाज होता तिथंच ठेवला. "तुमच्या आईची केस तुमाला तहान लागली म्हणून गेली न्हाई. म्या पुकारा चोरला म्हणून गेली." पलीकडं हैदराबादचा गलबला होता, गाड्यांचे भोंगे, कुणीतरी गिऱ्हाईक भाव करत होतं. त्या गोंधळातून एक तरुण, गोंधळलेला आवाज आला, "कौन बोल रहे? जरा जोर से बोलो चाचा, सुनाई नई दे रा."

व्यंकटीनं हसीनाकडं पाहिलं. मग त्यानं मोकळा हात बाकावर टेकला, दम घेतला, आणि आपल्या नावापासून पुन्हा सगळं, आणखी मोठ्यानं सांगायला सुरुवात केली.